पाव्हण्याची जागल

“पाव्हणे, झोपायला आलाव ना? मग झोपा की निवांत. आमचा कुकर काय, सकाळपस्तोर चालते.”

दाजींनी बाज विहिरीपलीकडच्या लिंबाखाली ओढून दिली, तिच्यावर वाकळ टाकली आणि ते परत भट्टीकडे गेले. महाशिवरात्र आदल्याच दिवशी झाली होती. अवसेची रात्र. दोनशे पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. अलीकडे मात्र बांबूला टांगलेल्या दोन बल्बांच्या उजेडात वाफेचे लोट उठत होते आणि त्या वाफेला ओल्या हळदीचा असा वास होता, की नाकातून थेट घशात उतरावा. मिसळणाच्या डब्यातल्या हळदीचं या वासाशी लांबचंच नातं. हा मातीचा, पाल्याचा, आल्यासारखा किंचित तिखट वास.

मी खरोखरच झोपायला आलो होतो. संभाजीनगरात गेले काही महिने रात्री दोनला डोळे उघडायचे ते उघडेच राहायचे. अक्का फोनवर म्हणाली, “ये की बापू दोन दिवस कुरुंद्याला. शेतात पडलास की आपोआप लागते झोप.” शेतातल्या झोपेची माझी आठवण शाळेच्या सुट्टीतली, म्हणजे उन्हाळ्यातली, रान मोकळं झाल्यावरची. फेब्रुवारीच्या शेवटी हळदीच्या पट्ट्यात विश्रांतीला जाणं म्हणजे लग्नघरी हळदीच्याच दिवशी दुपारची डुलकी काढायला जाणं, हे माझ्या ध्यानात आलं नाही आणि अक्कालाही ते सांगावंसं वाटलं नाही. कुकरचा नंबर नेमका त्याच रात्री लागला.

*

कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं मोठं गाव. जिल्हा तसा तरुण. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. गावाजवळ टोकाईचा डोंगर, देवी टोकाईची, म्हणून इथल्या साखर कारखान्याचं नावही टोकाई. शिवारात ऊस, केळी, हरभरा, ज्वारी सगळं दिसतं. पण माघ-फाल्गुनात या भागाचा रंग ठरवते ती हळद. रस्त्याच्या कडेला, अंगणात, शाळेमागच्या मोकळ्या जागेत, जिथे ऊन पडेल तिथे ती वाळत पडलेली असते. राज्यात हळदीचं क्षेत्र मोजायला बसलं की हिंगोलीचं नाव पहिल्या ओळीत येतं. २०२४ साली ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी वायगावच्या आणि सांगलीच्या हळदीला ते मिळालं होतंच. वसमतला हळदीच्या संशोधनासाठी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं केंद्रही उभं राहत आहे.

शेतात बांधलेल्या घराला या मुलखात आखाडा म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला आखाडा म्हटलं की कुस्ती आठवते. इथे आखाडा म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड, बैल असतील तर गोठा, नसतील तर ट्रॅक्टर, आणि एक तरी लिंबाचं किंवा बाभळीचं झाड. घर गावात असतं, पण माणूस आखाड्यावर असतो. “दाजी कुठायत?” या प्रश्नाला वर्षातून नऊ महिने एकच उत्तर: “आखाड्यावर.”

नऊ महिने म्हणायला कारण हळदच. मे-जूनमध्ये बेणं लावायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत उकरायचं. पाणी तोडायचं, पाला वाळू द्यायचा, तो जमिनीलगत कापायचा, मग कुदळीने किंवा ट्रॅक्टरने कंद वर काढायचे. काढलेल्या ढिगात बायका बसतात आणि हात न थांबवता निवड करतात. मधला जाड तो जेठा गड्डा, त्याच्या कुशीतले बगल गड्डे, बोटांसारखी निघालेली हळकुंडं. जेठे गड्डे बेण्याला राखले जातात. हळकुंडं शिजायला जातात. शेतातून निघालेली ओली हळद शंभर किलो असेल, तर वाळून हाती येते ती साधारण वीस किलो. उरलेलं सगळं पाणी. “चार भाग देवाचे, एक आपला,” दाजी म्हणतात, आणि बाजारभाव पडलेला असला की पुढे जोडतात, “आणि त्यो एकबी व्यापाऱ्याचा.”

आता कुकर. स्वयंपाकघरातला नव्हे, ट्रॅक्टरमागे जोडून आणायचा चाकांवरचा गाडा. मध्ये पाण्याची बंद टाकी, तिच्याखाली भट्टी, दोन्ही अंगांना लोखंडी ड्रम. टाकीतलं पाणी उकळतं, वाफ पाइपातून ड्रमांत शिरते, ड्रमातली हळद वाफेवर शिजते. एक ड्रम उलटा करून रिकामा करायचा, तोवर दुसरा शिजत असतो, तिसरा भरला जात असतो. पूर्वी हीच हळद मोठ्या काहिलीत पाण्यात बुडवून, वर पाला आणि पोती झाकून, दोन-अडीच तास उकळायचे. आता ड्रम काही मिनिटांत खाली होतो. पण कुकर सगळ्यांकडे नसतो. तो भाड्याने फिरतो, त्याला नंबर लावावा लागतो, आणि नंबर लागला की दिवस-रात्र बघायची नसते. उकरलेली हळद फार दिवस ढिगात ठेवता येत नाही, आणि कुकरवाल्याला उद्या दुसऱ्याच्या शेतात पोचायचं असतं.

हळद शिजली हे ओळखण्याची खूण दाजींनी दाखवली. एका वाफाळत्या हळकुंडात त्यांनी तुरीची काडी टोचली. काडी लोण्यात गेल्यासारखी आरपार गेली. मग ते हळकुंड मोडून उजेडाला धरलं: आत एकसारखा गडद केशरी रंग, मध्ये फिकट गाभा नाही. “इथं पिवळी ऱ्हायली, तर वाळल्यावर कीड लागते. जास्त शिजली, तर रंग जाते. आईनं भात बघावा तसं बघावं लागते.” मी काडी मागितली. माझी काडी अर्ध्यात अडली. दाजींनी ते हळकुंड माझ्या हातातून घेतलं, पुन्हा ड्रममध्ये टाकलं आणि झाकण लावलं. मला पास-नापास काहीच सांगितलं नाही.

*

रात्री अकराच्या सुमारास दाजींच्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो म्युनिकला नोकरीला आहे. तिकडे संध्याकाळ होती. त्याला कुकर दाखवला, अक्का दाखवली, बाजेवरचा मी दाखवला. तो हसून म्हणाला, “काका, मागच्या उन्हाळ्यात आम्ही इटलीत तस्कनीला एका शेतावर दोन रात्री राहिलो ना, तिथे अगदी असंच होतं. आपलाच आखाडा. फक्त त्यांनी पैसे घेतले.”

“किती?” दाजींनी विचारलं.

त्याने सांगितलं. दाजींनी मनातल्या मनात रुपये केले, बांबूवरच्या बल्बकडे पाहिलं, माझ्या बाजेकडे पाहिलं.

“बाज लोखंडी होती काय त्यांची?”

या प्रश्नावर आम्ही सगळे हसलो, पण झोप उडाली ती तिथून. कारण तो ज्याला सहज ‘शेतावर राहिलो’ म्हणाला, त्यामागे इटलीची पन्नास-साठ वर्षांची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात आपल्याला अनोळखी नाही.

मध्य इटलीत शतकानुशतकं शेती चालायची ती अर्धेलीने. मेज्जाद्रिया हे तिचं नाव, आणि त्या नावातच अर्धा वाटा आहे. मालक शहरात, कूळ कुटुंबासह शेतावरच्या दगडी घरात, पीक निम्मं-निम्मं. आपल्याकडे बटईने शेत करणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेकडच्या कारखान्यांनी माणसं ओढायला सुरुवात केली. पोरं मिलान-तुरीनला गेली, मागे म्हातारी माणसं आणि रिकामी घरं उरली. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. त्यापूर्वी चौदा वर्षं, १९५० साली, आपल्या या मुलखासाठी हैदराबाद संस्थानाचा कूळ कायदा आला होता. जमीन कसणाऱ्याचा प्रश्न दोन्हीकडे एकाच पिढीत पेटला होता.

पडक्या घरांचं आणि तुटपुंज्या उत्पन्नाचं काय करायचं, यावर इटलीत निघालेला एक मार्ग म्हणजे आग्रितुरिस्मो. १९६५ साली सिमोने वेल्लुती झाती यांनी शेतकऱ्यांसाठी ‘आग्रितुरिस्त’ ही संस्था काढली. घर रिकामं आहे, शहरी माणसाला हवा हवी आहे, शेतकऱ्याला चार पैसे हवे आहेत, इतका साधा तो विचार. १९८५ साली त्याचा राष्ट्रीय कायदा झाला, २००६ साली नवा. आज इटलीत असे सव्वीस हजारांच्या आसपास आग्रितुरिस्मो आहेत. एकट्या तस्कनीत पाच हजारांहून जास्त. त्यांचं सरकारी चिन्ह सूर्यफूल. हॉटेलांना तारे असतात तशी इथे पाचपर्यंत सूर्यफुलं.

मला या सगळ्यात रस वाटतो तो कायद्यातल्या एका अटीत. पाहुणे ठेवणारा आधी शेतकरी असला पाहिजे, आणि पाहुणचार हा त्याच्या शेतीला जोडून असला पाहिजे. शेतीपेक्षा वरचढ होता कामा नये. शेतीला किती श्रम लागतात, पाहुण्यांना किती, हे तपासलं जातं. ताटात काय वाढायचं यावरही प्रांतोप्रांतीचे नियम आहेत: अमुक एवढा माल स्वतःच्या शेतातला, अमुक आसपासचा. थोडक्यात, शेत बंद करून नुसत्या खोल्या भाड्याने दिल्या, तर ते आग्रितुरिस्मो नव्हे. पीक पहिलं, पाहुणा दुसरा. ज्या देशात पाहुण्यांवर इतका पैसा मिळतो, त्या देशाने हे कायद्यात लिहून ठेवावं, याचं मला अप्रूप वाटतं. पैसा दिसला की पहिल्याला दुसरं व्हायला किती वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक असणार.

*

आपल्याकडे हा विचार आला नाही असं नाही. इटलीत कायदा झाला त्याच सुमाराला, १९८५च्या आसपास, माथेरानच्या पायथ्याशी नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा बागेत शेतावर पाहुणे येऊ लागले. भडसावळे अमेरिकेत शिकून गावी परतलेले. भाताची नांगरणीविना लागवड करणारं ‘सगुणा राइस तंत्र’ हीही त्यांचीच ओळख. पुढे २००४-०५च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ कृषी पर्यटनाचं केंद्र उभं केलं, शेतकऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. १६ मे हा दिवस जागतिक कृषी पर्यटन दिन म्हणून साजरा होतो तो त्यांच्या पुढाकाराने. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरण काढलं आणि अगदी एक एकरवाल्यालाही नोंदणीची वाट मोकळी केली.

चांगली केंद्रं आहेत, मी पाहिली आहेत. आणि दुसरीही पाहिली आहेत: फाटकाशी रंगवलेली बैलगाडी, आत पोहण्याचा तलाव, तलावाशेजारी रेन डान्स, रात्री दहापर्यंत स्पीकर. शेत कुठे विचारलं तर पोरगा बोट दाखवतो: फोटो काढायला चार ओळी मका. बैल दिवसभर गोल फिरतो, पण औत ओढत नाही.

त्यामानाने मराठवाड्याचं खरं आग्रितुरिस्मो फार जुनं आहे, त्याला फक्त कुणी तसं नाव दिलं नाही. हुरडा. पौष उजाडला की ज्वारीच्या कणसात दाणा दुधावर येतो. शेतात खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, ती आगटी. आरावर कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे तीळ-जवसाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर खायचे. पाव्हणे मुद्दाम बोलवायचे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तर खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हा ज्वारीचा वाण काढला. आणि हुरड्याचं वेळापत्रक पाहुण्याच्या सुट्टीवर ठरत नाही, दाण्यावर ठरतं. आठ दिवस उशीर केलात, तर दाणा घट्ट होतो. मग या पुढच्या वर्षी. इटलीला जे कायद्याने सांगावं लागतं, ते इथे ज्वारी सांगते.

*

“मग काढा की तुम्हीबी,” मी दाजींना म्हणालो. “दोन खोल्या बांधा. हळदीच्या दिवसांत शहरातली माणसं येतील. शिजवणं बघतील, निवडायला बसतील.”

दाजी काही बोलायच्या आत अक्का बोलली. ती चुलीपुढे होती. कुकरवरच्या गड्यांना, कुकरवाल्याला आणि आम्हाला रात्रीचं दुसरं जेवण करत होती: ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, मिरचीचा ठेचा.

“येतील की. आज किती माणसं जेवली इथं? नऊ. उद्या सकाळी निवडायला बाया येतील, त्यायचा चहा. त्यात तुमचे पाव्हणे चार. भाकरी कोण थापील? आणि त्यायला संडास लागंल, गरम पाणी लागंल, लेकरांना दूध लागंल.” तव्यावरची भाकरी तिने आरावर टाकली, ती टम्म फुगली. “तुमचं ते इटलीत भाकरी कोण थापते, इच्यारलं का कुणी?”

कुणी विचारलं नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की तिकडच्या आग्रितुरिस्मोंपैकी एक तृतीयांशाहून अधिक बायका चालवतात. ते सांगितल्यावर अक्का क्षणभर थांबली. “चालवतात म्हंजे? पैसे त्यायच्या हातात येतात?”

“हो. मालक त्याच.”

“मग थापतो की भाकरी,” ती म्हणाली आणि पुढचा गोळा मळायला घेतला.

मी दिवाळी अंकांतले लेख वाचतो, कृषी पर्यटनावरची भाषणं ऐकतो. खर्च, कर्ज, अनुदान, जाहिरात यांवर पुष्कळ बोललं जातं. या पूर्ण योजनेचा कणा चुलीपुढे बसलेला आहे आणि त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

*

बाराच्या पुढे लाईट आली. शेतातली लाईट म्हणजे मोटारीची थ्री फेज. ती आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. चारी बाजूंनी बॅटऱ्या हलायला लागल्या. गव्हाला, उसाला पाणी द्यायला माणसं निघाली. कुणी दुरून हाळी दिली, दाजींनी इकडून दिली. अंधारात दारे धरायला जाणाऱ्या माणसाला साप, विंचू, रानडुक्कर, ओल्या जमिनीत उतरलेला करंट, सगळ्यांचा विचार करावा लागतो. पिकाच्या राखणीला जाणं म्हणजे जागल हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. आता राखणीपेक्षा लाईटची जागल जास्त.

मी बाजेवर उताणा पडून राहिलो. तिकांडं पश्चिमेला झुकलं होतं. शहरात त्याला मृग नक्षत्र म्हणतात. उत्तरेला सप्तर्षी, म्हणजे गावाकडचं बाजलं, चांगलं वर आलं होतं. झोप येत नव्हती, पण शहरात रात्री दोनला जी येते ती तळमळही नव्हती. तिकडे जागं असलेला मी एकटा असतो. इथे सगळं शिवार जागं होतं.

थोड्या वेळाने दाजी विडी ओढायला माझ्याजवळ येऊन टेकले.

“आवाज आला तर घाबरू नका.”

“कसला?”

“खालून येते. जमिनीतून.”

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीच्या पोटातून गूढ आवाज येतात, हे मी वर्षानुवर्षं बातम्यांत वाचलं आहे. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला पहाटे-सकाळी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. त्यांचे हादरे शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. दाजी त्याबद्दल सांगत होते ते एखाद्या चिडक्या शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं. मग पाण्याकडे वळले. जुलै २०२२ मध्ये एका रात्रीच्या पावसाने कुरुंद्यात पाणी घुसलं होतं. घरातलं धान्य, कपडे, कागद, सगळं चिखलात. “खालून आवाज, वरून पाणी. मधे आम्ही.” विडी बाजेच्या पायावर विझवून ते उठले. “झोपा तुम्ही.”

त्या रात्री जमिनीतून आवाज आला नाही. आले ते ड्रम उलटताना होणारे धप्प आवाज, साधारण एकाच अंतराने. ते मोजता मोजता कधीतरी माझा डोळा लागला असावा. कारण पुढचं आठवतं ते एकदम दाजींचं खांद्यावर हात ठेवणं.

*

पूर्वेला फटफटत होतं. कुकर थांबला होता. कुकरवाला गाडा ट्रॅक्टरला जोडत होता. त्याला नऊपर्यंत पुढच्या शेतात पोचायचं होतं. शेडपुढच्या सिमेंटच्या खळ्यावर आणि पलीकडे अंथरलेल्या ताडपत्र्यांवर शिजलेली हळद ओतली होती. बोटभर जाडीचा थर, त्यातून अजून वाफ निघत होती. आता तिला दहा-पंधरा दिवसांचं ऊन, रोज हलवणं, रात्री दवापासून झाकणं, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश, मग पोती, मग वसमतचा बाजार, आणि त्यानंतर जो काय भाव असेल तो.

“पाव्हणे, दोन घंटे बसता का हितं? शेळ्या येतात, तुडवतात. आणि हे कुत्रे. गरम हळद दिसली की उबेला येऊन बसतात तिच्यावर. मी जरा पडतो.”

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. काठी पिवळी झाली होती, हातही. त्यांनी बाज सावलीत ओढायचीही वाट पाहिली नाही. माझ्याच वाकळीवर, माझ्या अंगाच्या उबेत, पायातला बूट न काढता आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले.

मी खळ्याच्या कडेला पोत्यावर बसलो. ऊन हळदीवर आलं तेव्हा तिचा रंग क्षणोक्षणी बदलत गेला. आधी तपकिरी, मग गेरूसारखा, मग आतून पिवळा उमटत आल्यासारखा. एकरभर ज्वारीपलीकडून शेळ्यांच्या घंट्या ऐकू आल्या. तांबडा कुत्रा उसाच्या कडेने आला आणि ढिगाकडे बघत बसला. तोही रात्रभर जागा असणार.

अक्काने चहाच्या दोन कपबशा आणल्या. दाजींकडे पाहून तिने एका कपावर बशी झाकली आणि तो चुलीच्या उबेला नेऊन ठेवला. दुसरा मला दिला.

“झोप झाली का रे?” तिने हळू आवाजात विचारलं.

“त्यांची होऊ दे,” मी म्हणालो, आणि काठी घेऊन हळदीच्या कडेने एक फेरी मारायला उठलो. कुत्रा दोन पावलं मागे सरला आणि मी किती वेळ टिकतो ते बघत उभा राहिला.